उसनं जॅकेट

वसुंधराकाकूंचं लेदरचं जॅकेट खरं म्हणजे त्यांचं नव्हतंच, त्यांच्या केतनचं होतं. केतन बोटीवर. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात आणि उरलेले पनवेलच्या उकाड्यात, त्यामुळे इस्तंबूलला हौसेनं घेतलेलं ते काळं कुळकुळीत जॅकेट अंगात घालायची वेळ त्याच्यावर फारशी आलीच नाही. काकूंनी ते डांबराच्या गोळ्या घालून कपाटात टांगलं आणि सोसायटीतल्या चोवीस बिऱ्हाडांपैकी ज्याला कुणाला थंडीच्या गावी जायचं असेल त्याला त्या ते द्यायला लागल्या. एक जण ते घालून सिमल्याला हनिमूनला जाऊन आला, एक दिल्लीला इंटरव्ह्यूला, दोघं परदेशात. सगळ्यांचे फोटो काकूंकडे होते. पाहुण्यांना त्या अल्बम दाखवत आणि फोटोतला माणूस कोण हे सांगायच्या आधी जॅकेट केतनचं आहे हे सांगत.

त्यामुळे पंचाण्णव सालच्या नोव्हेंबरात सोसायटीतल्या निनादला कंपनीनं तीन आठवडे जर्मनीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या बायकोला, सईला, तोंड उघडावंही लागलं नाही. निनाद तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात इंजिनिअर होता, सई घरी शिकवण्या घेई. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात दोन स्वेटरपलीकडे गरम असं काही नव्हतं. काकूच दोन जिने चढून वर आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांचं देणंसुद्धा वर्गात पेपर वाटल्यासारखं असे.

"घे. मापात बसेल त्याला," त्या म्हणाल्या. "परत देताना हँगरवरच दे, घडी घालू नकोस. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून जास्त बोलत नाही. मागच्या वेळी खिशातून पानाची पुडी निघाली होती."

निनाद जर्मनीत गारठला, शिकला, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आला. सईनं जाताना त्याला आंब्याच्या लोणच्याची बरणी दिली होती. त्यातलं अर्धं उरलं. आता शहाण्या माणसानं ते तिथंच टाकून दिलं असतं, पण अन्न टाकायचं नाही हे निनादच्या हाडीमाशी खिळलेलं, म्हणून लोणचं जर्मनी बघून परत आलं. येताना विमानात उकडायला लागलं तेव्हा त्यानं जॅकेट काढून त्याच बॅगेत कोंबलं. घरी बॅग उघडली तर बरणीचं झाकण एका बाजूला आणि तेल जॅकेटभर. डाव्या बाहीवर, गळ्याशी, आणि आतल्या अस्तरावर हातभर पिवळा डाग.

"ओल्या फडक्यानं पुसून देऊन टाक," निनाद म्हणाला.

"लोकांची वस्तू पुसून देतात होय?"

इथंच सगळं बिघडलं, आणि बिघडलं ते चांगल्या वळणामुळे. सईच्या माहेरी दोन नियम होते. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही आणि उसना आणलेला कपडा न धुता परत द्यायचा नाही. मग ते एका संध्याकाळपुरतं नेसलेलं लुगडं असो की वऱ्हाडासाठी आणलेली सतरंजी. तिची आई शेजारणीचा पोलकं शिवायचा नमुनासुद्धा धुऊन, इस्त्री करून परत देत असे. सईनं जॅकेट धुवायचं हे ठरूनच गेलं, प्रश्न फक्त कसं एवढाच होता.

तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भगवानची लॉन्ड्री होती आणि तिच्या पाटीवर ड्रायक्लीन असंही लिहिलं होतं. पण भगवानकडे कसलं यंत्र नव्हतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ड्रायक्लीनचे कपडे तो दर शुक्रवारी टेंपोतून मुंबईच्या कारखान्यात पाठवी. म्हणजे काकूंचं जॅकेट कुणाच्या तरी कोटांबरोबर बोचक्यात बांधलं जाणार, पेट्रोलचा वास मारत परत येणार, नाहीतर हरवणार. त्यापेक्षा आपल्या हातानं केलेलं काय वाईट? सई काही अडाणी नव्हती. साबण चामड्याला लागेल एवढं तिला कळत होतं. पैठणी, लोकरीची शाल, सगळं ती रिठ्यात धुवी आणि ते नव्यासारखं निघे. जॅकेटच्या आत शिवलेल्या पट्टीवर पाण्याच्या टपाचं चित्र होतं आणि त्यावर फुली होती, तीही तिनं पाहिली. त्याचा अर्थ तिनं मशिनमध्ये घालू नये असा लावला. आपण तर हातानंच धुणार होतो.

रिठ्याच्या कोमट पाण्यात तिनं जॅकेट तासभर बुडवून ठेवलं. पाणी काळं झालं तेव्हा मळ निघतोय म्हणून तिला बरंच वाटलं. मग गच्चीवर, सावलीत, हँगरवर. सावलीचीही तिनं आठवण ठेवली होती, बिचारीनं.

तिसऱ्या दिवशी जॅकेट वाळलं ते पापडासारखं. बाह्या वितभर आखडल्या. कोपराशी दाबलं तर कर्रकन वाजे. काळ्याचा राखाडी झाला होता आणि अस्तरावरचा लोणच्याचा डाग होता तिथंच होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. चपलांना तेल लावलं की त्या मऊ होतात म्हणून सईनं मग खोबरेल चोळलं. त्यानं मऊ काही झालं नाही, फक्त जागोजागी चट्टे पडले.

तेव्हा कुठं ती भगवानकडे गेली.

भगवान उरणकडचा. मिठागर आणि शेत दोन्ही प्रकल्पात गेल्यावर त्यानं बायकोला घेऊन पनवेल गाठलं आणि हे दुकान टाकलं. तो कपडे घ्यायचा-द्यायचा, चंद्रावती इस्त्री करायची. त्यानं जॅकेट दोन्ही हातांत धरलं, बाही वाकवून पाहिली, अस्तराचा वास घेतला.

"ताई, ही पान्यात घातलेली हाय."

सईनं बोटानं अस्तरावरचा डाग दाखवला.

"चामड्याला पानी चालत नाय. त्याच्या अंगातलं तेल निघून जातं. वरून लावलेलं तेल मग आत जात नाय, वरच बसतं. आधी आनली असती तर तिकडच्या मानसानं नुसता डाग काढून दिला असता. ते लोक वेगळं औषध वापरतात, पुन्हा रंग मारतात."

"आता काही होणार नाही का?"

"बगतो. थोडी मऊ होईल. आखडलेली बाही काय वाढायची नाय. हमी देत नाय मी, आधीच सांगतो."

त्यानं ना पावती लिहिली ना काही. ओळखीच्या माणसाला तो पावती देत नसे, कपड्याच्या आतल्या बाजूला शाईनं खूण करून मोकळा होई. दहा दिवसांनी जॅकेट आलं. खरोखरच बरं झालं होतं. रंग पुन्हा काळा, चामडं हाताला जाणवण्याइतपत मऊ. पण बाह्या तोकड्याच होत्या, गळ्याशी सुरकुत्या पडल्या होत्या, आणि पिवळा डाग जरा फिकट होऊन अस्तराला धरून बसला होता.

आता काकूंना काय सांगायचं याची सई मनाशी वाक्यं जुळवत होती, आणि जुळायच्या आत काकूच दारात आल्या. जानेवारीचा पहिला आठवडा होता. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या कुणाला तरी मनालीला जायचं होतं.

काकूंनी जॅकेट हातात घेतलं. बाही पाहिली. दुसरी पाहिली.

"हे काय गं?"

"काकू, निनादकडून लोणचं सांडलं होतं थोडं. म्हणून मी लॉन्ड्रीत दिलं," सई म्हणाली. "तिथून ते असं आलं."

खोटं बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. लोणचं सांडलं होतं, लॉन्ड्रीत दिलं होतं, तिथून असंच आलं होतं. मधला एक रिठ्याचा टप तेवढा राहून गेला. माणूस खोटं बोलायला घाबरतो, पण अर्धं खरं बोलताना त्याची जीभ कशी सरसर चालते.

"कुठल्या लॉन्ड्रीत? त्या भगवानच्या?" काकूंनी पदर खोचला. "चल माझ्याबरोबर."

"काकू, जाऊ द्या ना. आम्ही भरून देऊ काय ते."

"भरून देण्याचा प्रश्न नाही. पाटीवर ड्रायक्लीन लिहायचं आणि लोकांच्या वस्तूंची वाट लावायची, हे कुणीतरी विचारायला नको? चल."

वाटेत दहा मिनिटं होती. रिक्षा न करता दोघी चालत गेल्या. त्या दहा मिनिटांत सईला सांगता आलं असतं. भाजी बाजाराच्या कोपऱ्यावर तिनं "काकू" अशी हाकही मारली. काकू म्हणाल्या, "तू काही बोलू नकोस, मी बोलते." आणि सईला ते सोयीचं वाटलं.

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. काकूंनी जॅकेट फळीवर टाकलं.

"भगवान, हे काय केलंस?"

भगवाननं जॅकेट ओळखलं, मग काकूंच्या मागे उभ्या असलेल्या सईकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जरा सुटकाच दिसली, की बरं झालं, सांगणारं माणूस बरोबर आहे.

"बाई, ही माझ्याकडं आली तवाच कडक होती. पान्यातनं काढलेली. मी ताईंना बोललो पन होतो. मुंबईवाल्यानं उलट बरी करून दिली."

"म्हणजे सईनं घरी धुतलं म्हणतोस? ही शिकलेली मुलगी आहे. लेदर पाण्यात घालेल ती?"

"ताई, तुमीच सांगा."

चंद्रावतीनं इस्त्री उभी करून ठेवली. तिन्ही गिऱ्हाइकं सईकडे बघायला लागली. त्यातली एक तिच्या शिकवणीतल्या मुलीची आई होती.

"मला नीट आठवत नाही," सई म्हणाली.

तेवढंच. नाही असंही म्हणाली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती काही फार गाजावाजानं होत नाही. कुणीतरी खाली बघून तीन-चार शब्द बोलतं आणि होऊन जातं. भगवाननं जॅकेट नीट हँगरला लावून काकूंच्या हातात दिलं.

"बरं," तो म्हणाला. "नसेल आठवत."

काकूंनी सोसायटीच्या फळ्यावर काही लिहिलं नाही, तेवढ्या त्या न्यायी होत्या. पण पाण्याच्या टाकीपाशी, भाजीवालीपाशी, महिला मंडळात त्या बोलल्या, आणि काकू बोलल्या म्हणजे ते छापून आल्यासारखंच. सोमवारी भगवान सायकलवरून कपडे न्यायला यायचा. एका सोमवारी त्याला चोवीसपैकी नऊ घरांनी कपडे दिले, पुढच्या सोमवारी दोन. त्यानंतर तो आला नाही. पनवेल काही एवढं मोठं नव्हतं. शेजारच्या दोन सोसायट्यांतही लवकरच सगळ्यांना कळलं की भगवान कपडे घरीच पाण्यात बुचकळतो आणि ड्रायक्लीनचे पैसे घेतो.

सई दुसरीकडे कपडे देत नव्हती. ती घरीच धूत होती, घरीच इस्त्री करत होती. दुकानासमोरून जायला नको म्हणून बाजारात लांबून वळसा घालून जात होती. निनादला तिनं पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं.

"चामड्याच्या कोटापायी एवढं?" तो म्हणाला. "त्याला दुसरी गिऱ्हाइकं मिळतील. काकूंशी आपलं रोजचं आहे, सई. पाण्याची वेळ, गॅलरीचं ग्रिल, सगळं त्यांच्या हातात. गप्प बस आता."

निनाद वाईट नव्हता. बहुतेक माणसं असतात तेवढाच होता.

पंधरा दिवस काढल्यावर सईला राहवेना. एका दुपारी दुकान रिकामं असेल अशी वेळ बघून ती गेली. फळीवरचे कप्पे निम्मे मोकळे होते. भगवान जुन्या चादरीच्या घड्या घालत होता.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मी घरी धुतलं होतं. रिठ्यात. मला त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं."

भगवाननं घडी पुरी केली. "मला म्हाईत हाय, ताई. जॅकेट माझ्याच हातात होती. मला सांगून काय उपेग? बाईंना सांगा."

"सांगते. नक्की सांगते."

चंद्रावती मागून पुढे आली. ती रागावलेली वाटत नव्हती, दमलेली वाटत होती. "शेत गेलं तवा आख्ख्या गावाचं गेलं, ताई," ती म्हणाली. "नाव मात्र आमचं एकट्याचं गेलं."

काकूंचं संक्रांतीचं हळदीकुंकू त्याच शनिवारी होतं. सईनं ठरवलं, जिथं नाव गेलं तिथंच ते परत द्यायचं. चार लोकांत गेलंय, चार लोकांतच सांगायचं. हॉलमध्ये पंचवीस-तीस बायका, काळ्या साड्या, तिळगुळाच्या वाट्या, वाणाच्या स्टीलच्या चाळण्या. भगवानचा विषय कुणीतरी काढलाच. खालच्या मजल्यावरची प्राची म्हणाली, आता शालू कुठं द्यायचा ड्रायक्लीनला, पंचाईतच आहे.

"भगवानकडे द्या," सई म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "त्याची काही चूक नाही. काकूंचं जॅकेट मी धुतलं होतं, घरी, पाण्यात. मी खोटं बोलले."

प्राची हसली.

"सई, तुझ्याच्यानं मुंगीसुद्धा मारवणार नाही गं."

"त्याची बायको आली असेल रडत," दुसरी म्हणाली. "ही लगेच विरघळली."

"मी खरं सांगतेय. टपात बुडवलं होतं मी."

"एखादीनं तोंड बंद ठेवलं असतं," एक वयस्कर बाई कौतुकानं म्हणाल्या. "ही बघा, परक्या माणसासाठी दोष अंगावर घेतेय. किती मोठं मन."

सईनं काकूंकडे पाहिलं. काकू हसत नव्हत्या. त्यांनी हातातली कुंकवाची कोयरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सई, जरा आत ये. दूध उतू जाईल."

स्वयंपाकघरात दूध नव्हतंच. काकूंनी दार लोटलं.

"रिठ्यात घातलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती वेळ?"

"तासभर."

काकूंनी मान हलवली. "मला त्याच दिवशी कळलं होतं. तू दुकानात खाली बघितलंस ना, तेव्हाच. चौतीस वर्षं मुलांची तोंडं बघितलीत मी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तोवर मी बोलून बसले होते. तीन माणसांसमोर." काकूंचा आवाज खाली आला. सईनं तो तसा कधी ऐकला नव्हता. "आता काय करू सांग? त्याच्या दुकानात जाऊन माफी मागू? उद्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं तर या बायका माझं ऐकतील? तू चुकलीस, मीही चुकले. झाकली मूठ सव्वा लाखाची. केतनला मी सांगेन काहीतरी. हे पुन्हा कुणासमोर काढायचं नाही."

"पण भगवान..."

"त्याचं बघू नंतर. जा, बाहेर जाऊन सगळ्यांना अत्तर लाव."

सईला हायसं वाटलं. हे तिनं पुढे निनादलाही कधी सांगितलं नाही. छातीवरचा धोंडा खरंच हलका झाला होता, कारण तो आता दोघींनी मिळून उचलला होता, आणि सांगायचं ते आपण सांगून टाकलंय असंही म्हणता येत होतं. ती बाहेर गेली, तिनं तीस बायकांच्या मनगटांना अत्तर लावलं, आणि प्रत्येकीनं तिच्याकडे मायेनं पाहिलं. स्वतःची एवढी किळस तिला आधी कधी आली नव्हती.

सोमवारी तिनं घरातलं सगळं धुणं गोळा केलं. चादरी, निनादचे शर्ट, शाल, दोन साड्या, असे एकंदर अकरा नग. बोचकं घेऊन ती वळसा न घालता थेट भगवानच्या दुकानात गेली. वाटेत काय बोलायचं हे तिनं ठरवलं होतं, पण फळीपाशी पोचल्यावर काही आठवेना.

"सांगितलं मी," ती एवढंच म्हणाली. "सगळ्यांसमोर. कुणी मानलं नाही."

भगवाननं मान हलवली. त्याला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. त्यानं फळीखालून एक नवीन वही काढली, पानांत कार्बन घातला आणि बोचक्यातली पहिली चादर दोन्ही हातांनी उजेडात पसरली.

"हितं टाका निघालाय. बगा."

"हो."

त्यानं लिहिलं आणि वही तिच्याकडे फिरवली. "सही करा."

"माझी?"

"आता सगळ्यांचीच घेतो."

सईनं सही केली. शर्टाच्या कॉलरला जुना मळ होता, तिथं सही. शालीला कसर लागलेली, तिथं सही. साडीच्या निरीवर चहाचा डाग, तिला स्वतःलाही तो माहीत नव्हता, तिथंही. चंद्रावती पलीकडे इस्त्री करत होती आणि मान वर करत नव्हती. रस्त्यावरून प्राची गेली, तिनं सईला हात केला, पण ती दुकानात आली नाही. शेवटचा नग निनादचा नवा कोरा शर्ट होता. भगवाननं तो उलटा केला, सुलटा केला, खिसे चाचपले, बटणं मोजली. त्यात काहीच दोष नव्हता. तसं त्यानं वहीत लिहिलं, आणि त्याच्यापुढेही तिची सही मागितली.